कमी तिकिटाचा अपमान

सविता हसली, आणि निशिकांत पराडकरचं पुढच्या पाच आठवड्यांचं स्वास्थ्य गेलं.

बायकोच्या हसण्याला त्याची तत्त्वतः हरकत नव्हती. माणसाने हसावं, बायकोनेही हसावं, अशा उदार मताचा तो होता. प्रश्न एवढाच होता की कुणाच्या बोलण्यावर हसावं. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी, सिंगापुरातल्या मराठी मंडळाच्या मासिक कार्यक्रमात, सविता चारुदत्त केळुसकर नावाच्या गृहस्थाच्या बोलण्यावर हसली. नुसती हसली नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, ओढणीने डोळे टिपले, शेजारच्या प्रणिताच्या खांद्यावर डोकं टेकून "अगं बाई, पुरे" म्हणाली आणि पुन्हा हसली. आपल्या विनोदावर ती असं शेवटचं कधी हसली होती, हे निशिकांत तिथेच बसून आठवू लागला. मनातल्या मनात तो मागे मागे गेला. तोआ पायोहचा फ्लॅट घेतला तो दिवस गेला, कायम रहिवासाचा पीआर मिळाल्याचा गेला, लेक श्रियाचं बारसं गेलं, पहिला एम्प्लॉयमेंट पास गेला, आणि थेट साखरपुड्याआधीच्या पुण्यातल्या एका आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत तो पोचला. तिथे ती खरोखर खूप हसली होती. पण त्या वेळी निशिकांत पायरीवरून घसरून पडला होता, त्यामुळे तो विनोदात धरावा की नाही, हे ठरेना.

दुःख आणखी वाढण्याचं कारण म्हणजे मंडळाचा अधिकृत विनोदी माणूस निशिकांतच होता. दर वर्षी होळीच्या संमेलनात फिशपाँड वाचण्याचं काम त्याच्याकडे असे. महाराष्ट्रात कॉलेजला गेलेल्या कुणालाही फिशपाँड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्याच्या तेरा वर्षांच्या श्रियाला मात्र, जन्म सिंगापूरचा असल्यामुळे, सांगावं लागलं होतं: एकेकावर निनावी चिठ्ठ्या लिहायच्या, त्यात त्याची टर उडवणारी ओळ असते, आणि ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. "ओह," श्रिया म्हणाली होती, "सो यू बुली पीपल, बट विथ राइमिंग." व्याख्या अचूक होती, पण परंपरेविषयी आदर असा तिच्यात नव्हता.

नोकरीने निशिकांत सॉफ्टवेअर टेस्टिंगचा मॅनेजर होता. दुसऱ्याने केलेल्या कामात चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचे आणि नम्र भाषेत कळवायच्या, याचा त्याला पगार मिळे. हाच गुण तो फिशपाँडला लावत असे आणि सात वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग हा चारुदत्त आला. बँकेतला मोठा माणूस, लंडनहून बदली होऊन आलेला, ईस्ट कोस्टला कॉन्डोत राहणारा. सिंगापुरात जिथे माणूस अंगातला बनियनही नकोसा मानतो तिथे हा गळ्यात रेशमी मफलर घालून फिरे, कारण म्हणे एसी त्याच्या घशाला बाधतो. शिवाय त्याला छंद होता. टपालाची तिकिटं किंवा नाणी असा सभ्य छंद नव्हे. तो अपमानाची ग्रीटिंग कार्डं जमवत असे. अशी साठ-एक अस्सल जुनी कार्डं त्याच्याकडे होती, आणि त्या शनिवारी 'अपमानाच्या कार्डांचा इतिहास' या विषयावर त्याचं स्लाइडसहित भाषण होतं.

निशिकांतलाही मान्य करावं लागलं की विषय वाईट नव्हता. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेत व्हॅलेंटाइनच्या दिवशी प्रेमाच्या कार्डांच्या बरोबरीने अपमानाची कार्डंही धडाक्याने खपत. स्वस्त कागद, भडक रंग, एक वेडंवाकडं व्यंगचित्र आणि खाली चार ओळींची कविता. चिक्कू दुकानदार, नटवी मुलगी, दारुडा, आढ्यतेखोर कारकून, पुढे पुढे मताचा हक्क मागणाऱ्या बायका, ज्याच्यावर राग असेल त्याला कार्ड पाठवायचं आणि खाली सही करायची नाही. तेव्हा त्यांना कॉमिक व्हॅलेंटाइन म्हणत, नंतर व्हिनेगर व्हॅलेंटाइन हे नाव पडलं. पोस्टमास्तरांनी असली कार्डं फार अश्लील म्हणून अडवून ठेवल्याचीही उदाहरणं आहेत. आणि यातली खरी मेख अशी की आधी तिकीट लावायची पद्धत रुळण्यापूर्वी टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्यावर पडे. "म्हणजे मंडळी," चारुदत्त मफलर सारखा करत म्हणाला, "पोस्टमन दारात उभा. खिशातून पैसे काढायचे, त्याला द्यायचे, आणि पाकिटातून निघतं काय? तुम्ही गाढव आहात!"

याच वाक्याला सविताने प्रणिताच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"बरं बोलला," परतताना निशिकांत म्हणाला.

"बरं?" सविता म्हणाली. "माझं पोट दुखायला लागलं हसून."

पोट निशिकांतचंही दुखत होतं, पण हसून नव्हे. त्यात निघताना मंडळाचे अध्यक्ष हेमचंद्रकाका त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "निशिकांत, यंदा होळीला फिशपाँड चारुदत्तांकडे देऊ या का? तुलाही जरा विश्रांती." विश्रांती हा शब्द हेमचंद्रकाकांनी असा काही उच्चारला होता की निशिकांतला आपल्या फोटोला हार घातल्यासारखं वाटलं.

त्याने सोमवारी मन मोकळं केलं ते सुबोधजवळ. सुबोध ऑफिसात त्याच्या शेजारी बसे, मंडळाचाही सभासद होता, वुडलँड्सला एकटा राही आणि सल्ला देण्याच्या बाबतीत कधी हात आखडता घेत नसे. हॉकर सेंटरमध्ये नूडल्स संपेपर्यंत त्याने सगळं ऐकलं आणि निकाल दिला.

"निश्या, त्याच्याच औषधाची गोळी त्याला दे. पाठव एक कार्ड. बिनसहीचं. इतिहास शिकवतो काय! वाच म्हणावं आता स्वतःवरचा."

"हे जरा पोरकट नाही वाटत?"

"पोरकट आहेच. म्हणून तर तुझ्यावर कुणी संशय घेणार नाही."

या वाक्यात आपली स्तुती आहे असं निशिकांतला वाटलं. त्याने दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत खपून चार ओळी केल्या:

किस्सा सांगण्याआधी हा स्वतःच हसतो,
ऐकणारा बिचारा मान हलवत बसतो;
तीस अंश उकाड्यात गळ्यात याच्या मफलर,
याच्याहून बरा बोलतो लिफ्टमधला स्पीकर!

लिफ्टमधला स्पीकर म्हणजे 'डोअर्स क्लोजिंग' म्हणणारी ती बाई. निशिकांतला ओळ फार आवडली. इतकी की ती कुणाला वाचून दाखवता येणार नाही याचं त्याला वाईट वाटलं.

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कार्ड छापून घेणं भाग होतं. तोआ पायोहमध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर ओंग नावाच्या म्हाताऱ्याचं छपाईचं दुकान होतं. व्हिजिटिंग कार्डं आणि लग्नपत्रिका छापण्यात त्याची हयात गेली होती. निशिकांतने त्याला एक भडक व्यंगचित्र मागितलं. अंकल ओंगने जुन्या फायली उपसून बो टाय लावलेला एक कोंबडा काढला. कोंबडा नाराज दिसत होता, तेव्हा चालण्यासारखा होता.

"मिनिमम फिफ्टी पीस," अंकल म्हणाला.

"मला एकच हवंय."

"वन पीस, फिफ्टी पीस, सेम वर्क लाह."

पन्नास कोंबडे घ्यायचं ठरलं, खालची जागा कोरी ठेवून. त्यातल्या एकावर ओळी छापायच्या म्हटल्यावर अंकलने चष्मा लावला आणि देवनागरीकडे संशयाने पाहिलं. पॉलिटिक्स नाही ना? रिलिजन नाही ना? अर्थ सांगितल्याशिवाय तो छापणार नव्हता. मग निशिकांतने दुकानात उभ्याने आपल्या काव्याचं इंग्रजी भाषांतर करून सांगितलं. मागे लग्नपत्रिका घ्यायला आलेलं एक जोडपंही ऐकत होतं. कुणीही हसलं नाही. अंकल ओंगने बराच वेळ विचार केला.

"धिस मॅन," त्याने शेवटी विचारलं, "टेक युअर वाइफ, आह?"

"नो!" निशिकांत इतक्या जोरात म्हणाला की जोडपं एक पाऊल मागे सरकलं. "शी ओन्ली लाफ्ड."

"आह," अंकल म्हणाला आणि त्याने मशीन सुरू केलं. पुढे कार्डांचा गठ्ठा देताना त्याने हिशेबात नसलेली पाकिटंही फुकट दिली. ती दया निशिकांतला जितकी झोंबली तितकं चारुदत्तचं भाषणही झोंबलं नव्हतं.

पाकीट तोआ पायोहला टाकू नकोस, असा सुबोधचा पुढचा सल्ला होता. तेव्हा एक साधं तिकीट चिकटवून निशिकांतने ते रविवारी तासभर प्रवास करून वुडलँड्सच्या पेटीत टाकलं. "वुडलँड्सला कशाला?" या सविताच्या प्रश्नाला त्याने "सुबोधची तब्येत" असं उत्तर दिलं. तिने लगेच सुबोधला फोन केला. सुबोधने खणखणीत आवाजात आजारी असल्याचं सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोंबडा उगवला.

निशिकांतची अपेक्षा अशी होती की चारुदत्त कार्ड लपवील, चार दिवस पडेल चेहऱ्याने फिरेल आणि मफलर काढून ठेवील. चारुदत्तने कार्डाचा फोटो चारी बाजूंनी काढून टाकला होता आणि खाली लिहिलं होतं: 'मित्रहो, मी धन्य झालो! हे मराठीतलं पहिलं व्हिनेगर कार्ड असावं! आणि कवीची इतिहासाची जाण पाहा. चौरस जाड पाकीट, तिकीट मुद्दाम कमी लावलेलं. उरलेले सेंट मला भरावे लागले! माझा अपमान मी माझ्या पैशाने सोडवून घेतला! या अज्ञात प्रतिभावंताला माझा साष्टांग नमस्कार.'

चौरस पाकिटाला जास्त तिकीट लागतं, हे अज्ञात प्रतिभावंताला त्या क्षणी कळलं.

आणि जेवणाच्या टेबलापाशी फोन हातात धरून सविता हसू लागली. "लिफ्टमधला स्पीकर!" एवढंच ती कशीबशी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. सतरा वर्षांनी निशिकांतच्या शब्दांवर ती अशी हसत होती. ताटात आमटी गार होत होती आणि निशिकांतच्या छातीत आनंदाची एक उकळी फुटली. 'मी! मी लिहिलंय!' हे ओठांवर आलंच होतं. पण पुढे 'का लिहिलंस?' असा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर अंकल ओंगला ठाऊक होतं.

"बरं आहे," तो म्हणाला. "शेवटची ओळ जरा ओढूनताणून वाटते."

"तुला नाहीच आवडणार," सविता डोळे पुसत म्हणाली. "याला म्हणतात विनोद. तुझे फिशपाँड ऑफिसच्या ईमेलसारखे असतात. खाली 'रिगार्ड्स' तेवढं लिहायचं राहतं. कोण असेल रे हा?"

निशिकांतने भाताचा घास घेतला. चारुदत्तवर तो जळत होताच. आता त्याला या अज्ञात प्रतिभावंताचाही राग येऊ लागला. कोण समजतो हा स्वतःला?

याहून वाईट अजून व्हायचं होतं. ग्रुपवर अंदाज सुरू झाले तेव्हा कुणीतरी सुबोधचं नाव घेतलं. सुबोधने 'मी यावर काही बोलणार नाही' असं लिहून पुढे एक डोळा मिचकावणारा चेहरा टाकला. मराठी माणूस जेव्हा काही बोलणार नाही म्हणतो, तेव्हा त्याने कबुली दिली असंच धरायचं असतं.

"अरे, नाकारायला हवं होतंस!" निशिकांत ऑफिसात दबक्या आवाजात ओरडला.

"नाकारलं असतं तर तुझ्यावर आलं असतं. तुझ्यासाठी मी हे अंगावर घेतोय," सुबोध म्हणाला. त्याचा त्याग त्याला मानवत असावा, कारण तो ताजातवाना दिसत होता. शुक्रवारी सविताने गुळपोळ्या केल्या आणि डबा भरून निशिकांतच्या हातात दिला. "सुबोध भावजींना दे. एकटे राहतात. आणि मनात इतका विनोद असलेला माणूस, कुणी विचारपूस करत नाही बिचाऱ्यांची." आपल्या कवितेबद्दलच्या गुळपोळ्या निशिकांतने एमआरटीतून, म्हणजे तिथल्या मेट्रोतून, मांडीवर धरून नेल्या. त्या सुबोधने त्याच्यासमोर खाल्ल्या. एक देऊ केली, पण निशिकांतने स्वाभिमानाने नकार दिला आणि नंतर दिवसभर त्याला तिची आठवण येत राहिली.

तेवढ्यात प्रणिताने ग्रुपवर विचारलं, 'मला का नाही आलं कार्ड? आम्ही काय टर उडवण्याच्याही लायकीचे नाही?'

इथे बाहेरच्या माणसाला कदाचित कोडं पडेल. पण फिशपाँडवर वाढलेल्या माणसांचा हिशेब वेगळा असतो. ज्याची टर उडवली तो आपल्यातला. कॉलेजात ज्याच्या नावाची एकही चिठ्ठी निघत नसे, तो हॉलमधून मान खाली घालून बाहेर पडे. खरा अपमान त्याचा. प्रणिताच्या मागून ग्रुपवर रांग लागली. हेमचंद्रकाकांनी कमिटीची सभा बोलावून रीतसर ठराव केला: 'अज्ञात कवीस विनंती करण्यात येते की होळीच्या संमेलनासाठी त्यांनी प्रत्येक सभासदास एकेक कार्ड लिहावे.' सोबत त्रेचाळीस नावांची यादी जोडली होती. ती ईस्ट कोस्ट पार्कात बार्बेक्यूचा कट्टा भाड्याने घेण्यासाठी केलेली असल्यामुळे प्रत्येक नावापुढे 'शाकाहारी', 'अंडं चालेल', 'कांदा-लसूण नको' असे शेरे होते. कार्डांचं वाचन चारुदत्त करतील, असंही त्या ठरावात होतं.

म्हणजे लिहायचं निशिकांतने, वाचायचं चारुदत्तने आणि गुळपोळ्या सुबोधने खायच्या.

नाही म्हणायला अज्ञात कवीला तोंड नव्हतं. शिवाय खोटं कशाला बोला, निशिकांतला कौतुकाची धुंदी चढलीही होती. कोरे कोंबडे एकोणपन्नास शिल्लक होतेच. तीन आठवडे तो जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये दार लावून बसला आणि अक्षर कळू नये म्हणून ओळी तिथल्याच प्रिंटरवर छापत राहिला. इतर वेळी चुकांना नंबर देणारा तो माणूस आता चुकांना यमक देऊ लागला. प्रणिताच्या केकवर त्याने लिहिलं, हेमचंद्रकाकांच्या 'दोनच शब्द बोलतो' म्हणून चाललेल्या अर्ध्या तासाच्या भाषणांवर लिहिलं, सुबोधवर तर लिहिताना त्याला आवरावं लागलं. आधीच कार्ड मिळालेला चारुदत्त वगळून चाळीस माणसं झाली. राहिली दोन: सविता आणि तो स्वतः.

सविताचं नाव टाकून तो एक पूर्ण सुट्टीभर कोऱ्या कोंबड्याकडे बघत बसला. काही सुचेना. प्रणिताच्या केकचा स्पंज कसा बसतो हे त्याला ठाऊक होतं. सविताचं काय लिहावं हे ठाऊक नव्हतं. हे शेवटी निवांत करू, असं ठरवून त्याने ते बाजूला ठेवलं आणि स्वतःचं घेतलं. स्वतःला कार्ड आलं नाही तर संशय आला असता, म्हणून ते अत्यावश्यक होतं. आणि काय आश्चर्य, तिथे लेखणी झरझर चालली:

विद्वान असूनी हा फार नम्र राहतो,
स्वतःचे मोठेपण लपवूनच पाहतो;
कामाच्या व्यापात झिजतो बिचारा,
मंडळाच्या नभातला अबोल हा तारा!

'बिचारा' हा शब्द जरा जास्त तिखट झाला का, याचा त्याने विचार केला. मग ठेवला. टीका करताना स्वतःलाही सोडू नये, असं त्याचं मत होतं. कार्ड इतकं साधलं की त्या आनंदात तो घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी सुबोधने सगळी कार्डं खोक्यात बांधून हेमचंद्रकाकांकडे पोचवली.

संमेलनाच्या दिवशी ईस्ट कोस्टला समुद्रावरून छान वारा येत होता. कट्ट्यावर कणसं भाजत होती आणि शाकाहारी जाळी कुठली, मांसाहारी कुठली यावर एक छोटं भांडण होऊन मिटलं होतं. चारुदत्त मफलर घालून खुर्चीवर उभा राहिला आणि एकेक कार्ड वाचू लागला. माणसं हसून लोळायची बाकी राहिली. प्रणिताने आपलं कार्ड छातीशी धरलं. तिला सहा ओळी का आणि आपल्याला चारच का, म्हणून बँकेतल्या श्रीनिवासची बायको रुसली. प्रत्येक कार्डाला लोक सुबोधकडे बघून टाळ्या वाजवत आणि सुबोध मान लववी. निशिकांत कणसाची वाट बघत असल्यासारखा उभा होता आणि प्रत्येक हशाला चोरून सविताकडे बघत होता. ती हसत होती. पण जसजशी कार्डं संपत चालली तसतशी कमी हसत होती.

"आता आपले निशिकांत!" म्हणत चारुदत्तने वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला लोक हसायच्या तयारीत होते. दुसरीला त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. 'अबोल हा तारा'पाशी चारुदत्त थांबला, कार्ड उलटून मागे काही आहे का बघितलं, आणि त्या शांततेत कणसापाशी उभ्या असलेल्या श्रियाचा स्वच्छ आवाज आला:

"बाबा! यू रोट धिस युअरसेल्फ! सो मालू, लाह!"

मालू म्हणजे लाजिरवाणं, हे तिथल्या प्रत्येक आईबापाला आपापल्या पोरांकडून शिकायला मिळालेलं होतं. मग जो हशा झाला तो त्या दिवसातला सर्वांत मोठा. पलीकडच्या कट्ट्यावरचं चिनी कुटुंबही काही न कळता हसू लागलं. सुबोधने कणसात तोंड घातलं. आणि चारुदत्त खुर्चीवरून उतरला, निशिकांतकडे आला आणि त्याने त्याला चक्क मिठी मारली.

"म्हणजे पहिलं कार्डही तुमचंच! अहो, केवढा मान दिलात मला! आणि स्वतःवरचं कार्ड लिहिताना हात असा वळला... हे मला संग्रहात हवंच. स्वतःला पाठवलेलं कार्ड माझ्याकडे एकही नाही!"

त्याच्या आवाजात तिरकसपणा औषधालाही नव्हता. ज्याच्यावर पाच आठवडे जळलो त्याने इतक्या चांगुलपणाने वागावं, याहून मोठी शिक्षा निशिकांतला सुचली नसती. रेशमी मफलर त्याच्या गालाला घासत होता. मऊ होता.

"चला, सगळ्यांना पोचली ना?" हेमचंद्रकाकांनी यादीवर बोट फिरवत विचारलं. "कुणी राहिलं का?"

गवतावर बसलेल्या सविताने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

हसणं आपोआप थांबलं. प्रणिताने आपलं कार्ड मांडीखाली सरकवलं. निशिकांतने सविताच्या दुसऱ्या, रिकाम्या हाताकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की त्रेचाळीस माणसांत कार्ड न मिळालेली ती एकटीच होती.

परतताना श्रिया मैत्रिणींबरोबर सायकली चालवायला मागे राहिली. दोघं बसने बेडोकला आली आणि एमआरटीत बसली. दोन स्टेशनं गेली.

"विसरलो असं नाही," निशिकांत म्हणाला. "सुचेना. तुझ्यात नाव ठेवायला जागाच नाही, म्हणून..."

"थापा मारू नकोस," सविता म्हणाली. आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. "प्रणिताचा केक तुला दिसतो. हेमचंद्रकाकांकडच्या काकूंच्या बांगड्या दिसतात. चारुदत्तांचा मफलर तर तुला डोळे मिटूनही दिसतो. माझ्याकडे एवढं बघायला तुला वेळ झाला नाही, असं म्हण. मला खरंच वाईट वाटलं, निशी."

निशिकांतच्या पिशवीत उरलेले कोरे कोंबडे होते. त्याने एक काढला, मांडीवर बॅग घेतली आणि लिहायला लागला. 'सुगरणीचा हात हिचा' असं लिहून त्याने तिला दाखवलं.

"हे रुखवतावर लिहितात," ती म्हणाली.

दुसऱ्या कार्डावर 'घराला घरपण' आलं. तिने तेही परत केलं. सिटी हॉलला गाडी बदलली. बसायला जागा मिळाली नाही. दाराशेजारी टेकून, काचेवर कार्ड धरून, निशिकांतने एकदम, स्वतःला विचारायच्या आत, चार ओळी लिहिल्या आणि तिच्या हातात दिल्या. तोंड मात्र त्याने फिरवलं.

परक्याच्या किश्शाला ही रडेस्तोवर हसते,
नवऱ्याच्या विनोदाला 'गॅस बंद केलास?' पुसते;
दुसऱ्याने हसवलं हिला, हा जळाला पाहून,
बेचाळीस कार्डं लिहिली, हिचंच गेलं राहून!

सविताने वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "हे सगळं त्या दिवशी मी हसले म्हणून? ते कार्ड, वुडलँड्स, सुबोध भावजींचं आजारपण? माझ्या गुळपोळ्या?"

निशिकांतने काचेतून दिसणाऱ्या अंधाराकडे बघत होय म्हणून मान हलवली.

आधी तिचे खांदे हलले. मग तिने ओढणी तोंडाला लावली, पण हसू ओढणीत मावण्यातलं नव्हतं. "जळाला पाहून!" ती म्हणाली आणि दांड्याला धरून वाकली. डोळ्यांतून पाणी आलं. समोरच्या सीटवरची चिनी आजी काळजीने उठू लागली. सविताने तिला हातानेच बसवलं आणि निशिकांतच्या खांद्यावर डोकं टेकून ती पुन्हा हसू लागली. ती ओळींना हसते आहे की आपल्याला, असं विचारावंसं निशिकांतला वाटलं. पण सोमरसेट गेलं, ऑर्चर्ड गेलं, आणि ते डोकं खांद्यावरून हललं नाही, म्हणून त्याने विचारलं नाही.

न्यूटन सोडल्यावर तिने डोळे पुसले, पर्समधून फोन काढला आणि कार्डाचा फोटो घ्यायला ते उजेडात धरलं.

"कशाला?" निशिकांतने विचारलं.

"चारुदत्तांना पाठवते. किती खूश होतील रे! आणि संग्रहात..."

निशिकांतने तिच्या हातातून कार्ड काढून घेतलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि तोआ पायोह येईपर्यंत खिशावरचा हात उचलला नाही.